सोल संगीताची ओळख (६) : कणसूर राहिलेलं गाणं

मागच्या आठवड्यात चर्चमधली गॉस्पेल गायकी पाहिली. तीच आळवणी देवाऐवजी प्रेयसीकडे वळली की सोल होतं, असं ढोबळमानाने म्हणू. आज एकच गाणं घेऊ : पर्सी स्लेजचं १९६६ सालचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन'.

स्लेज अलाबामातला. दिवसा इस्पितळात वॉर्डबॉय, एरवी बँडमध्ये गायचा. शेफिल्ड गावातल्या आपल्या छोट्याशा स्टुडिओत क्विन आयव्हीने त्याला गायला उभं केलं. ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम, ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स. गायक काळा, साथीदार गोरे. आणि वर्षभरापूर्वीच याच राज्यात, सेल्मात, मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या होत्या.

आता गाण्याकडे. खालचा बेस ऐका. सा, नी, ध, प, म अशा एकेक पायऱ्या तो उतरतो, मग पंचमाला शिवून पुन्हा षड्जावर येतो. गाणंभर जवळपास हेच. दर ठोक्याचे तीन भाग पडतात, त्यामुळे दादऱ्याला सरावलेल्या कानांना हा संथ झोका परका वाटत नाही. बेस असा उतरत असताना स्लेजचा गळा मात्र वरच्या पट्टीत अडून बसलेला. पायाखालची वाळू सरकतेय आणि माणूस हाका मारतोय, असं काहीसं. शब्दांतही तिच्या रूपाचं वर्णन नाही. आहे ती त्याचीच फरफट : शेवटचा पैसा उधळणं, जिवलग मित्राला तोडणं. आपण मूर्ख ठरतोय की काय, ही शंकाही त्याला आहे. मला वाटतं, हे गाणं जुनं होत नाही ते या शंकेमुळे. नुसती स्तुती लवकर शिळी होते.

शेवटाकडे ब्रास वाजतो, तो चक्क कणसुरा. तबकडी काढणाऱ्या अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरला तो खटकला, त्याने पुन्हा वाजवून घ्यायला सांगितलं. तसं केलंही गेलं. पण गडबडीत जुनीच टेप बाजारात गेली, अशी हकीकत सांगतात. मे महिन्यात तीच तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. गीतकार म्हणून नावं मात्र स्लेजच्या बँडमधल्या कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट यांची. चाल आपली होती, ती त्यांना देऊन टाकली, असं स्लेज पुढे सांगत असे. एवढं महागडं औदार्य क्वचितच कुणी केलं असेल.

१९९१ मध्ये मायकेल बोल्टनने हेच गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. सूर चोख, वाद्यमेळ झकपक. पण त्याला ऐकताना गायकाचा दमसास जाणवतो, स्लेजला ऐकताना त्या माणसाची काळजी वाटते.

पुढच्या आठवड्यात ओटिस रेडिंग. तोवर मूळ ध्वनिमुद्रण एकदा ऐकून ठेवा, जेमतेम तीन मिनिटांचं आहे. ब्रास सुरू झाला की आवाज कमी करू नका.