प्रश्न विचारणारा आणि खुर्ची शोधणारा

खडवली स्टेशनवर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत बहुतेकांच्या मोबाइलवर एखादी मालिका चालू असते. राजकारण आणि नीतिमत्ता यांवर खरी चर्चा घडवायची असेल, तर याच पडद्यावर दोन जुने मराठी चित्रपट लागायला हवेत: जब्बार पटेल यांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची.

‘सामना’ 1975 साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत पोहोचला. त्यातला दारुडा मास्तर (श्रीराम लागू) साखरसम्राट हिंदुराव पाटलाच्या (निळू फुले) आश्रयाला राहतो, त्याचीच दारू पितो, आणि तरी बेपत्ता मारुती कांबळेबद्दल विचारणं काही सोडत नाही.

कोस्टा गावरास यांच्या ‘झी’ (1969) या चित्रपटातही एका राजकीय हत्येचा असाच माग काढला जातो. त्यामागे ग्रीसमधले खासदार लाम्ब्राकिस यांच्या 1963 मधल्या खुनाची खरी घटना आहे. फरक एवढाच, की तिथे शोध घेणारा दंडाधिकारी आहे. इथे अंगावर धड कपडेही नसलेला माणूस.

मग 1979 चा ‘सिंहासन’ येतो, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो आणि खुर्चीचा खेळ सुरू होतो. इथे भूमिकांची अदलाबदल आहे: लागू महत्त्वाकांक्षी अर्थमंत्री, तर फुले सगळं उघड्या डोळ्यांनी पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस.

म्हणून हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, आधी ‘सामना’.