दुकानाच्या मापाचा संगणक : विंडोज, मॅक की लिनक्स?

कापडाच्या धंद्यात दोन प्रकारची गिऱ्हाइके आपण रोज पाहतो. एक तयार शर्ट अंगाला लावून पाहतो आणि बसला तर घेऊन जातो. दुसरा ताग्यावरून कापड फाडून घेतो आणि शिंप्याला माप देतो. पहिल्याचे काम पाच मिनिटांत होते. दुसऱ्याला आठवडा थांबावे लागते, पण खांदा, बाही आणि खिसा त्याच्या मनासारखा होतो. संगणक घेताना मात्र आपण सगळेच पहिल्या प्रकारचे गिऱ्हाईक असतो. समोरचा देईल ते अंगात घालतो आणि कुठे टोचले तरी निमूट सोसतो.

हा विषय काढण्याचे कारण असे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० साठी मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. पुढची विंडोज ११ जुन्या यंत्रावर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सीताबर्डीपासून मोमिनपुऱ्यापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : गल्ल्यावरचा संगणक ठणठणीत चालतो आहे, तो फेकून नवा का घ्यायचा? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या कामाच्या मापाची करून घेता येते, आणि ते करायला किती त्रास पडतो?

तीन थरांचा हिशेब

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपले काम यांच्यामधला कारभारी. छपाईयंत्राला हुकूम देणे, फाइल जपून ठेवणे, पडद्यावर अक्षर उमटवणे ही सारी कामे तो करतो. त्याला आपल्या सोयीप्रमाणे वळवायचे तर तीन थर वेगळे धरावेत. पहिला थर रंगरूपाचा : पडद्याचे चित्र, अक्षरांचा आकार, बटणांची जागा. दुसरा भाषा आणि लिपीचा. तिसरा आतल्या यंत्रणेचा : संगणक सुरू होताच कोणते प्रोग्राम चालावेत, नवी दुरुस्ती केव्हा यावी, जुन्या यंत्रावर भार किती पडावा. बहुतेक लोक पहिला थर पाहून पसंती देतात. धंद्याचे फायदा-नुकसान मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात असते.

विंडोज : शिवणीत थोडी जागा सोडलेला तयार कपडा

विंडोजमध्ये रंगरूप बदलणे सोपे आहे. सेटिंग्ज उघडली की चित्र, रंग, अक्षरांचा आकार काही मिनिटांत बदलतो. तरी किती बदलू द्यायचे हे कंपनी ठरवते. पूर्वी खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, पडद्याच्या वर किंवा बाजूला नेता येत असे. २०२१ साली विंडोज ११ आली तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती.

भाषेच्या बाबतीत एक गोष्ट खरेदीआधीच पाहावी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर विंडोजची ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते. तिच्यात मराठी किंवा उर्दू टाइप करता येते, पण मेनू आणि सूचनांची भाषा बदलण्याची सोय नसते. मी स्वतः दुकानासाठी लॅपटॉप घेताना हे विचारले नाही, ही माझीच चूक. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, दुकानातला मुलगा मराठी शाळेतला, आणि सूचना साऱ्या इंग्रजीत. आम्ही दोघेही अंदाजाने बटणे दाबत होतो.

आतल्या यंत्रणेत ‘प्रो’ आवृत्तीला जास्त मोकळीक आहे. नोकराने कोणता प्रोग्राम उघडावा, कोणता नाही, हे ग्रुप पॉलिसीतून ठरवता येते. ‘होम’ आवृत्तीत हा दरवाजा दिलेला नाही. दुरुस्त्या काही आठवडे पुढे ढकलता येतात, कायमच्या थांबवता येत नाहीत. म्हणून सणाच्या गर्दीआधी तारीख बघून त्या पुढे ढकलाव्यात आणि गर्दी ओसरली की करून घ्याव्यात.

विंडोजची खरी ताकद वेगळ्याच ठिकाणी आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि हिशेबाचा प्रोग्राम लहान दुकानांतही आला. टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे. बिल छापणाऱ्या लहान थर्मल प्रिंटरची जुळणीही विंडोजवर सहज होते. कपडा अगदी मापाचा नसला तरी बाजारातली बाकी सारी बटणे त्यालाच बसतात.

मॅक : उत्तम शिलाई, पण उसवण्याची परवानगी नाही

ॲपलची मॅक सिस्टिम ॲपलच्याच यंत्रांसाठी आहे. देखणी आहे, टिकाऊ आहे आणि चित्रकलेच्या, डिझाइनच्या कामात तिचे नाव मोठे आहे. साडीच्या काठाचे किंवा छापील कापडाचे डिझाइन करणारे कारागीर तिला पसंत करतात. रोजची तीच ती कामे आपोआप व्हावीत यासाठी ‘शॉर्टकट्स’सारखी साधनेही तिच्यात आहेत.

मात्र आतल्या भागाला हात लावू नये असाच तिचा नियम आहे. २०१५ पासून सिस्टिमच्या मूळ फाइलींना कुलूप असते आणि २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून तो सगळा भाग मोहोरबंद केलेला असतो. यामुळे बिघाड आणि चोरी कमी होते, हा फायदा खराच. पण कंपनीने जे दिले नाही ते स्वतः बसवून घेण्याची वाट अरुंद होते.

लिनक्स : पूर्ण तागा आणि हातात कात्री

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. तो कोणीही घ्यावा, बदलावा आणि बदललेला पुढे वाटावा, असा त्याचा परवाना आहे. म्हणून लिनक्सचे शेकडो प्रकार झाले. पडद्याचे रूपही एक नाही : केडीई, ग्नोम, एक्सएफसीई असे पर्याय आहेत. एक्सएफसीई हलके असल्याने विंडोज ११ ने नाकारलेल्या जुन्या यंत्रावरही ते चालते. दुरुस्ती केव्हा घ्यायची हे मालक ठरवतो.

पूर्ण तागा हाती आला की काय शिवता येते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली भारतीय भाषांच्या सोयीसह ‘बॉस’ नावाची लिनक्स आणली. केरळच्या सरकारी शाळांत मल्याळम भाषा आणि अभ्यासक्रम लक्षात घेऊन तयार केलेली लिनक्स वापरली जाते. केडीई आणि ग्नोम यांच्या सूचना स्वयंसेवकांच्या मेहनतीमुळे मराठीतही मिळतात, जरी मधेच इंग्रजी शब्द डोकावतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तागा घेतला की शिंपी लागतो. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, काही प्रिंटर कंपन्या लिनक्ससाठी जुळणीचा प्रोग्राम देत नाहीत, आणि अडल्यावर मदतीला येणारा जाणकार प्रत्येक गल्लीत सापडत नाही. म्हणजे बदल सर्वांत जास्त शक्य लिनक्समध्ये, पण पहिल्या दिवशीची मेहनतही तिथेच जास्त.

लिपीची परीक्षा

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो लिपीत. डॉसच्या काळात संगणकावर मराठी उमटवायचे तर यंत्रात सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवावे लागे. पुढे खासगी फाँट आले, पण एका फाँटमधले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांचा चुरा दिसे. विंडोज २००० पासून युनिकोड पद्धतीने देवनागरी सिस्टिममध्येच आली आणि हा त्रास कमी झाला.

उर्दूचे दुखणे निराळे. अरबीसाठी नस्ख वळण चालते, पण उर्दू वाचकाची नजर नस्तालीकच्या तिरक्या, उतरत्या वळणाला सरावलेली असते. विंडोजने २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा नस्तालीक फाँट दिला. आयफोनवर मात्र उर्दू नस्खमध्येच दिसत राहिली आणि वापरणाऱ्याला ते बदलता येत नव्हते. अमेरिकेत काम करणारे डिझायनर मुदस्सर अझीमी यांनी २०१४ साली ॲपलच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिले. नस्तालीक आली ती २०१७ साली, आयओएस ११ मध्ये. लिनक्सवर हेच काम करायला नोटो नस्तालीकसारखा मोफत फाँट उतरवून घ्यायचा आणि उर्दूसाठी तोच वापरावा असा नियम एका फाइलीत लिहायचा. जाणकाराला अर्धा तासही पुरतो. कात्री कोणाच्या हातात आहे, हे अशा वेळी कळते.

फोनचेही असेच आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. त्यात पडद्याची सारी मांडणी बदलणारा लाँचर आणि हवा तो कीबोर्ड पूर्वीपासून घालता येतो. आयफोनने दुसऱ्या कंपन्यांचे कीबोर्ड २०१४ साली आणि पडद्यावर चिन्हे हवी तिथे ठेवण्याची सोय २०२४ साली दिली.

मग करावे काय?

ज्या यंत्रावर टॅली आणि जीएसटीचे काम चालते ते विंडोजवरच ठेवावे, पण दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर गिऱ्हाइकांची उधारी आणि बँकेचे व्यवहार उघडे टाकू नयेत. नवीन यंत्र घ्यावेच लागले तर आवृत्ती विचारून घ्यावी. केवळ डिझाइनचे काम असेल आणि पैसा परवडत असेल, तर मॅकचा विचार करावा.

जुने यंत्र भंगारात देण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच चालवून पाहावी. त्यासाठी आतली विंडोज पुसावी लागत नाही. प्रिंटर छापतो का, मराठी आणि उर्दू नीट उमटते का, इंटरनेट जोडले जाते का, हे एका दुपारी कळते. पसंत पडली तर बसवण्याआधी सर्व फाइलींची प्रत वेगळी काढावी. जुन्या मराठी फाँटमधली किंवा जुन्या इनपेजमधली पत्रे आधीच युनिकोडमध्ये करून घ्यावीत, नाहीतर ती नव्या ठिकाणी वाचता येणार नाहीत. पत्रव्यवहार, दरपत्रके आणि मुलांचा अभ्यास यासाठी असे यंत्र आणखी काही वर्षे कामी येते.

संगणक विकणाऱ्याला आपण वेग विचारतो, किंमत विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घालावा : यात उद्या मला काही बदलायचे झाले तर ते मी करू शकेन, की कंपनीची वाट पाहावी लागेल? कापड घेताना शिवणीत किती जागा सोडली आहे हे आपण उलटून पाहतोच. संगणकही तसाच उलटून पाहावा.