मोटारींतील झिजलेल्या डिफरन्शियलची घरगुती दुरुस्ती

मोटारगाडी वळण घेत असतां बाहेरील चाकास आंतील चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें, हें भूमितीचा अभ्यास करणाऱ्या कोणाहि विद्यार्थ्यास सांगतां येईल. दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर घट्ट बसविलीं, तर त्यांपैकीं एक रस्त्यावर खरडतच जाईल. ही अडचण दूर करणारी दंतचक्रांची योजना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं केली. हाच डिफरन्शियल होय.

या यंत्रांत मात्र एक उणीव आहे. तें दोन्ही चाकांस सारखाच पीळ देतें. एक चाक चिखलांत फिरूं लागलें, कीं तें फिरविण्यास अगदीं थोडा पीळ पुरतो. आणि मग कोरड्या भूमीवरील दुसऱ्या चाकाच्या वांट्यासहि तितकाच थोडा येतो. एंजिन गर्जत राहतें व गाडी जागची हालत नाहीं. यावर तोड म्हणून 'लिमिटेड स्लिप' जातीचे डिफरन्शियल निघाले. अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९५६ सालच्या गाड्यांत अशी सोय प्रथम देऊं केली. पुढें फोर्ड कंपनीच्या अनेक मस्टँग गाड्यांच्या ८.८ इंची मागल्या आंसांत 'ट्रॅक्शन-लॉक' नांवाचा प्रकार आला. तिकडील हौशी लोक तो घरच्या अंगणांतच दुरुस्त करितात. म्हणून उदाहरणासाठीं तोच घेतों.

याची रचना समजली, कीं दुरुस्ती अर्धी झालीच. आंतील दोन्ही बाजूंच्या दंतचक्रांमागें चकत्यांची एकेक चळत असते. घर्षणाचा लेप दिलेल्या चकत्या दंतचक्राबरोबर फिरतात, आणि त्यांच्या मधून मधून बसविलेल्या पोलादी चकत्यांचे कान बाहेरील कवचांत अडकलेले असतात. रोमन लिपींतील 'एस्' अक्षरासारखी एक ताठ स्प्रिंग दोन्ही दंतचक्रांस बाहेर रेटून चकत्या दाबून धरते. म्हणून एक चाक निसटूं पाहील, तरी घर्षणामुळें दुसऱ्यास कांहीं पीळ मिळतोच. वर्षानुवर्षें वळणें घेऊन लेप झिजला, म्हणजे हा दाब नाहींसा होतो, आणि महागडा डिफरन्शियल साध्यासारखाच वागूं लागतो.

दोष खरोखर येथेंच आहे कीं काय, हें पाहिल्याविना खर्चास हात घालूं नये. एंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, जमिनीवरील चाकांस पुढून-मागून ठोकळे लावावे, हातब्रेक सोडावा, आणि मागील एकच चाक उचलून तें पीळ मोजणाऱ्या पान्यानें फिरवून पाहावें. निदान २० फूट-पौंड, म्हणजे सुमारें २७ न्यूटन-मीटर, इतका जोर लागला पाहिजे. हातानेंच सहज फिरलें, तर चकत्या गेल्या असें समजावें. एक चाक उचललेलें असतां एंजिन सुरू करून गिअर टाकण्याचा मोह मात्र कधींहि होऊं देऊं नये. या जातीच्या डिफरन्शियलमध्यें जमिनीवरील चाकासहि पीळ मिळतो, व गाडी जॅकवरून उडी घेते. खालीं माणूस असेल तर काय होईल, हें सांगावयास नको. काम करतांना गाडी भक्कम स्टँडवर असावी. केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं शिरणें हें धाडस नव्हे, अविचार होय.

घरीं काम करणाऱ्याची खरी बचत पुढील गोष्टींत आहे. या आंसांत चकत्या बदलण्यासाठीं डिफरन्शियलचें कवच बाहेर काढावें लागत नाहीं. त्यामुळें मोठ्या दंतचक्राची बारीक जुळणी, जिला मोलाचीं मापकें व सरावलेला हात लागतो, ती जशीच्या तशी राहते. मागील झांकण काढून तेल वाहूं द्यावें. तेलांत करडा चिखल असणें साहजिक आहे. दांतांचे तुकडे दिसले तर मात्र थांबावें. मग चाकें व ब्रेकचे भाग उतरवून मधल्या दांड्याचा अटकाव-बोल्ट काढावा, दांडा ओढावा, आंस आंत ढकलून 'सी' आकाराच्या कड्या काढाव्या, आणि आंस बाहेर घ्यावे. हा बोल्ट तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. जोडतांना नवाच घालावा. आंसाचे सीलहि बदलावे. दोन्हींची किंमत क्षुल्लक आहे. दाबलेली स्प्रिंग हातोड्यानें ठोकून काढतांना ती वेगानें उसळते, म्हणून डोळ्यांस चष्मा हवाच. नंतर लहान दंतचक्रें फिरवीत कवचाच्या खिडकीशीं आणिलीं, कीं तीं सुटतात, व त्यामागून चळती निघतात.

डाव्या-उजव्या चळतींची व त्यांमागील पातळ पट्ट्यांची अदलाबदल होऊं देऊं नये. जुनी व नवी चळत मायक्रोमीटरनें मोजून पाहावी. कारखान्याचें खास मापक नसेल, तेव्हां हाच व्यवहार्य मार्ग आहे. पोलादी चकत्या सपाट असून निळ्या पडल्या नसतील तर पुन्हा चालतात. लेपाच्या चकत्या जुन्या वापरणें ही मात्र खोटी काटकसर होय. परंतु कवचांतील खांचा खणल्या गेल्या असतील, किंवा मधला दांडाच झिजला असेल, तर नव्या चकत्यांवर पैसा घालणें व्यर्थ आहे. त्यापेक्षां दुसरा चांगला डिफरन्शियल पाहावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

नव्या चकत्या बसविण्यापूर्वीं घर्षण मृदु करणाऱ्या औषधी तेलांत भिजवून ठेवाव्या. भरावयाच्या तेलांतहि हें द्रव्य ४ औंस, म्हणजे सुमारें ११८ मिलिलिटर, घालावें लागतें. पैसे वांचविण्यासाठीं पुष्कळ लोक हेंच गाळतात, आणि मग वळणावर मागून खडखडाट ऐकूं आला म्हणजे सर्व काम पुन्हा उघडतात. जोडणी झाल्यावर मोकळ्या मैदानांत गाडी अगदीं सावकाश इंग्रजी आठाच्या आकृतींत दहाबारा वेळां फिरवावी, म्हणजे चकत्यांत तेल मुरतें. त्यानंतर तीच एक चाक उचलून करावयाची परीक्षा पुन्हा घ्यावी, व पहिल्या आंकड्याशेजारीं दुसरा लिहून ठेवावा.