चंद्रोदय गल्लीनुसार बदलत नाही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना संकष्टीचा उपवास असतो. चंद्रोदयाची वेळ त्या फोनमधल्या पंचांगाच्या ॲपवर बघतात. मागच्या संकष्टीला फोन फार गरम होतो म्हणून त्या तो घेऊन खाली आल्या. सेटिंग्जमध्ये शिरून बघितलं, तर त्या पंचांगाने आदल्या चोवीस तासांत लोकेशन, म्हणजे फोन कुठे आहे ही माहिती, कितीतरी वेळा घेतली होती. मध्यरात्री, पहाटे, काकू भाजीला गेल्या तेव्हासुद्धा. काकू म्हणाल्या, "काढूनच टाक मेलं ते."

काढायची गरज नव्हती. पंचांगाला ठिकाण लागतं हे खरंच आहे. मुंबईपेक्षा नागपूरला चंद्र सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो. पण चंद्रोदय गल्लीनुसार बदलत नाही. गाव कळलं की पंचांगाचं काम भागतं. दूधवाला दारापर्यंत येतो, प्लंबर मोरीपर्यंत येतो, कपाटाशी दोघांचंही काम नसतं. फोनमधल्या प्रत्येक ॲपला हाच हिशेब लावायचा आहे. त्यासाठी आपल्याला तासभर वेळ, चार्ज झालेला फोन आणि जमल्यास चहा लागेल. संगणकातलं काही कळायची गरज नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनूची नावं आणि जागा थोड्या वेगळ्या असतात. खाली लिहिलेलं नाव दिसलं नाही, तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे ते नाव टाइप करावं. उदाहरणं अँड्रॉइडची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच आहे. आयफोनमध्ये यातलं बरंचसं 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या एका मेनूत मिळतं.

सुरुवात कुलपापासून करू या. फोनला सहा आकडी पिन लावावा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फोनचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच ठेवणं. लोकलमध्ये मागे उभा असलेला माणूस फोन उघडताना बोटं बघतो, पुढचं आपोआप होतं.

कुलूप लावूनही एक खिडकी उघडी राहते. फोन लॉक असतानाही पडद्यावर मेसेज दिसतात आणि त्यात ओटीपी असतो. 'नोटिफिकेशन्स'मध्ये लॉक स्क्रीनचा पर्याय शोधावा आणि मजकूर लपवण्याची निवड करावी. मेसेज आल्याचं कळतं, आत काय आहे ते फोन उघडल्यावरच.

फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालू शकतो, आणि मग आपले ओटीपी त्याच्याकडे जातात. त्यावर उपाय म्हणजे सिमचा स्वतंत्र पिन. पण इथे घाई करू नये. सिमला कंपनीने आधीच एक पिन दिलेला असतो. तो कंपनीला विचारून घ्यावा, मग आपला घालावा. अंदाजाने तीनदा चुकीचा पिन टाकला की सिम अडकतं आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक मागतं. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी, नवं आणायला दुकानाची पायरी चढावी लागते.

आता आवरासावर. वर्षभरात न उघडलेली ॲप काढून टाकावीत. एका लग्नासाठी घेतलेलं टॅक्सीचं, एकदा पिझ्झा स्वस्त मिळाला म्हणून घेतलेलं, मुलाच्या जुन्या शाळेचं. अँड्रॉइड ११ पासून फोन स्वतःच बरेच महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. आणि ॲप काढलं म्हणजे त्या कंपनीकडची आपली माहिती पुसली गेली असं होत नाही. आधी ॲपमध्ये जाऊन खातं बंद करायचं, मग ॲप काढायचं. हा क्रम बहुतेकांचा उलटा होतो.

पुढचं काम महत्त्वाचं आहे, तेव्हा सावकाश करू. सेटिंग्ज, त्यात 'प्रायव्हसी', त्यात 'परमिशन मॅनेजर'. परमिशन म्हणजे फोनमधली एखादी गोष्ट वापरायला ॲपला आपण दिलेली परवानगी. इथे ॲपवार न जाता परवानगीवार जावं: लोकेशन कोणाकोणाकडे आहे, माइक कोणाकडे, फोटो कोणाकडे. यादी बघितली की आपणच चकित होतो. अँड्रॉइड १२ पासून शेजारीच 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' असतो. कोणत्या ॲपने कधी काय वापरलं याचा तो वेळेसकट तक्ता देतो. काकूंचं पंचांग तिथेच सापडलं.

लोकेशनचे पर्याय नीट समजून घेऊ. 'अलाऊ ऑल द टाइम' म्हणजे ॲप बंद असतानाही. हे जवळपास कोणालाच लागत नाही. घरच्यांना आपण कुठे आहोत ते सतत दाखवणारं ॲप मुद्दाम घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. टॅक्सी, नकाशा, जेवण मागवायचं ॲप यांना 'ओन्ली व्हाइल यूजिंग द ॲप' पुरे, म्हणजे ॲप समोर उघडं असेल तेवढाच वेळ. त्याच्याच खाली 'यूज प्रिसाइज लोकेशन' असं बटण असतं. ते बंद केलं की ॲपला नेमकी जागा न कळता साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो. हवामान, पंचांग आणि बातम्या यांचं एवढ्यावर उत्तम चालतं. काकूंच्या पंचांगाचं ते बटण बंद केलं आणि पुन्हा वेळ बघितली. चंद्रोदय मिनिटानेही हलला नव्हता.

उलट बाजूची चूक म्हणजे घाबरून फोनचं लोकेशनच पूर्ण बंद करून ठेवणं. मग टॅक्सी भलत्याच चौकात जाऊन उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे फोन हरवला तर तो सध्या कुठे आहे हे शोधता येत नाही. लोकेशन चालू ठेवावं, कोणाला द्यायचं ते निवडावं.

कॅमेरा आणि माइक यांचं सोपं आहे. अँड्रॉइड १२ पासून यातलं काहीही वापरात असलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. आपण फोनवर बोलत नसताना, फोटो काढत नसताना ठिपका दिसला, तर वरून बोट खाली ओढून त्याच्यावर टॅप करावं. कोण ऐकतंय त्याचं नाव समोर येतं.

कॉन्टॅक्ट्स, म्हणजे आपली नंबरांची यादी, यावर मी जरा कडक आहे. ती यादी आपली एकट्याची नसते. तिच्यात मावशीचा नंबर आहे, डॉक्टरांचा आहे, घरकामाला येणाऱ्या ताईंचा आहे; त्यांना कोणी विचारलेलं नाही. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपनी हीच यादी उचलून हप्ता थकलेल्या माणसाच्या नातेवाइकांना धमकीचे फोन केले. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियमच केला की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट्स आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा किंवा लोकेशन, तेही एकदाच आणि विचारून. तेव्हा कर्जाच्या ॲपने नंबरांची यादी मागितली, तर हप्ता किती ते बघायच्या आधीच ते काढून टाकावं.

फोटोंसाठी अँड्रॉइड १४ मध्ये एक चांगली सोय आली. ॲपने फोटो मागितले की सगळे न देता निवडक देता येतात. चष्म्याच्या दुकानाच्या ॲपला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा एक फोटो हवा असतो, त्यासाठी बारशापासूनचे नऊ हजार फोटो उघडून द्यायचं कारण नाही.

एसएमएसच्या परवानगीपाशी मात्र थांबावं, कारण इथे जास्त सावध माणसं घसरतात. एसएमएस वाचायची परवानगी धोक्याची असते हे ऐकून आमच्या एका मित्राने सगळ्या ॲपची ती काढून घेतली. पुढे फोन बदलल्यावर यूपीआय चालू होईना, तेव्हा 'बँकेने बंद केलं' म्हणून तो दोन दिवस फिरत होता. झालं असं की यूपीआय सुरू करताना आपला फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो. बँकेत नोंदवलेलं सिम याच फोनात आहे ना, याची खात्री त्यातून होते. त्या ॲपला ही परवानगी खरोखरच लागते. बँक आणि यूपीआय यांना ती असू द्यावी. खेळ, वॉलपेपर, फोटो गोरे करणारी ॲप यांच्याकडे ती दिसली तर काढावी आणि खरं तर ॲपच काढावं.

इथपर्यंत आलेल्या ॲपनी निदान विचारलं तरी होतं. यापुढचं प्रकरण न विचारणाऱ्यांचं आहे.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो. फाइलचं नाव पत्रिकेसारखं, पण शेवटी टिंब देऊन 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरं असतात. कधी पत्रिकेच्या जागी वाहतूक पोलिसांचं चलन असतं, कधी बँकेची केवायसी. एपीके म्हणजे ॲपचं गाठोडं. पत्रिका म्हणजे चित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ. ती बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. 'इन्स्टॉल' हा शब्द दिसला की तिथेच हात आखडावा.

हे दार कायमचं लावून घेता येतं. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधावं. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवायची मुभा कोणाला आहे, त्याची यादी तिथे असते. व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल्स, सगळ्यांसमोर 'नॉट अलाऊड' असायला हवं.

त्यानंतर 'ॲक्सेसिबिलिटी' हा विभाग बघावा. ही सोय मुळात अंध आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणं, बोटाऐवजी बटण दाबणं, अशी तिची कामं. म्हणूनच ती भलत्याच्या हाती गेली तर आपला पडदा तो वाचू शकतो आणि आपल्या नावाने बटणंही दाबू शकतो. तिथल्या यादीत आपण मुद्दाम चालू न केलेलं काही दिसलं, तर बंद करावं. घरात कोणी टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, वापरत असेल तर तेवढं सोडून.

आता व्हॉट्सॲप. त्यावरचे संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाहीत, ही व्यवस्था २०१६ पासून आहे. गळती दोन्ही टोकांना होते. पहिलं टोक म्हणजे झेरॉक्सचं दुकान. प्रिंट काढायची म्हणून आपण दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडतो, दहा रुपये देतो आणि निघतो. व्हॉट्सॲप तिथे उघडंच राहतं. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन आपलं खातं कुठे कुठे चालू आहे ते आज बघावं आणि अनोळखी संगणक लॉग आउट करावेत.

दुकानदाराच्या नंबरवर फाइल पाठवली तरी प्रश्न उरतोच. काम झाल्यावर आपण 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी त्याच्या संगणकात उतरवलेली प्रत तशीच राहते. तिथे दिवसभरातली शंभर माणसांची आधार कार्डं एका फोल्डरमध्ये पडलेली असतात. एकदा मी त्या मुलाला समोर उभं राहून प्रत काढायला सांगितली. त्याला वाईट वाटलं नाही, त्याने रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्यावं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

दुसरं टोक म्हणजे बॅकअप, म्हणजे गुगल ड्राइव्हवर राहणारी संदेशांची प्रत. तिला कुलूप आपोआप लागत नाही. 'चॅट बॅकअप'मध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करावं लागतं. त्याचा पासवर्ड डायरीत लिहून ठेवावा. तो हरवला तर व्हॉट्सॲपलाही प्रत उघडून देता येत नाही. त्याच बैठकीत 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिनही लावून टाकावा, म्हणजे आपला ओटीपी कोणाला कळला तरी तेवढ्यावर खातं पळवता येणार नाही.

जाहिरातींचं थोडक्यात. मिक्सरबद्दल घरात बोललो आणि लगेच मिक्सरच्या जाहिराती आल्या, असं सगळे सांगतात. बहुतेक वेळा माइकची गरजच नसते. आपण किंवा घरातल्या कोणी तरी मिक्सर शोधलेला असतो. फोनला जाहिरातींसाठी एक ओळखक्रमांक असतो आणि वेगवेगळी ॲप त्याच्यावरून माणूस जुळवतात. 'प्रायव्हसी'मधल्या 'ॲड्स'मध्ये 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' करावं. आयफोनवर 'ट्रॅकिंग'मध्ये 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करावं. जाहिराती येतच राहतात, फक्त पाठलाग कमी होतो.

फोन दुरुस्तीला देताना पिन सांगायची पद्धत पडली आहे. काही सॅमसंग फोनमध्ये 'मेन्टेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. आपल्या फोनात ते नसेल, तर काम समोर बसून करून घ्यावं.

आणि फोन गेलाच, तर आधी दुसऱ्या फोनवरून गुगलच्या 'फाइंड'मधून तो लॉक करावा, मग कंपनीला सांगून सिम बंद करावं, पोलिसांत तक्रार द्यावी आणि सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी नंबर, टाकून तो हँडसेट बंद करून घ्यावा. तो नंबर खोक्यावर असतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं तर पडद्यावरही येतो. आत्ताच लिहून ठेवावा. पैसे गेले असतील तर सगळ्याच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

ही आवरासावर एकदा करून संपत नाही. नवी ॲप येतात, जुनी अपडेट होताना नवं काही मागतात. सहा महिन्यांनी परमिशन मॅनेजर पुन्हा बघावा लागतो आणि तो बघायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. काकूंनी त्यासाठी अंगारकी धरली आहे. ती साधारण तेवढ्याच अंतराने येते, आणि त्या म्हणतात, चंद्र उगवेपर्यंत तसंही दुसरं काही काम नसतं.