'आयर्विनला किती फूट?' याचं उत्तर तुमच्या मोबाइलवर येतं कसं?

जुलै-ऑगस्ट लागला की सांगलीत 'जेवलास का?' च्या आधी 'आयर्विनला किती फूट?' हा प्रश्न येतो. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरात हाच आकडा ५७ फुटांच्या वर गेला होता. २०२१ मध्ये त्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली. माळ्यावर सामान टाकायचं की घर सोडायचं, हे लोक या आकड्यावर ठरवतात.

आता गंमत बघा. पाणी सोडलं जातं साताऱ्यात, पाटण तालुक्यातल्या कोयना धरणातून. हे पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि काही तासांनी सांगलीत पोहोचतं. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रणा आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात जलसंपदा विभागानं ती उभारली. म्हणजे आकडे एका ठिकाणी जमतात आणि आपण ते बघतो भलत्याच वेबसाइटवर. मग मधलं काम कोण करतं?

तर त्याचं नाव आहे डेटाबेस ड्रायव्हर.

समजा, तुम्ही सांगलीकरांसाठी एक वेबसाइट काढली. तुमचं ॲप्लिकेशन जावात लिहिलंय आणि टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर चालतंय. आकडे मात्र दुसऱ्याच कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये आहेत. तो मायएसक्यूएल असेल, पोस्टग्रेस असेल, नाहीतर ओरॅकल. या प्रत्येकाची बोली वेगळी. तुमच्या जावा प्रोग्रॅमला यातली एकही येत नाही. ड्रायव्हर हा मधला दुभाषा.

ही कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ओडीबीसी आणलं, १९९७ मध्ये जावासोबत जेडीबीसी आलं. डेटाबेस कुठलाही असो, प्रोग्रॅमरनं प्रश्न एकाच पद्धतीनं विचारायचा आणि पुढचं ड्रायव्हरनं बघायचं, एवढाच करार.

जोडायला काय लागतं? ड्रायव्हरची फाइल सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये टाकायची. मग पत्ता द्यायचा: कुठला सर्व्हर, कुठला पोर्ट (मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, ओरॅकल १५२१), डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड. फाइल टाकायची राहिली तर 'नो सुटेबल ड्रायव्हर' असा एरर येतो. या एका ओळीनं किती पोरांच्या रात्री खाल्ल्यात, विचारू नका.

हीच गोष्ट प्रोजेक्टच्या कामांना लागू होते. साताऱ्यातल्या टेंभूतून पाणी उचलून सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत नेणाऱ्या योजनेसारखी कामं वर्षानुवर्षं चालतात. अशा कामाची प्रगती जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली, तरी तिथंही मागे डेटाबेसच असतो. जिराला मायएसक्यूएल जोडायचं असेल तर ड्रायव्हर सोबत येत नाही, लायसन्सच्या कारणामुळं तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

आणि हो, दुसऱ्याच्या डेटाबेसला जोडताना फक्त वाचायची परवानगी असलेला युजर मागायचा. तुमच्या वेबसाइटच्या चुकीनं तिकडचा आकडा बदलला, तर सगळंच संपलं.

पुढचा प्रश्न गर्दीचा. पुराच्या रात्री हजारो लोक एकाच वेळी पान उघडतात. प्रत्येकासाठी डेटाबेसशी नवी जोडणी उघडली तर समोरचा सर्व्हर आडवा होतो. पोस्टग्रेस मुळात शंभरच जोडण्या घेतो. म्हणून कनेक्शन पूल वापरतात. शंभर प्रवाशांना शंभर एसट्या लागत नाहीत, आठ गाड्या फेऱ्या मारतात, तसं. टॉमकॅटच्या पूलमध्ये सुरुवातीला आठच जोडण्या असतात. आकडा दर मिनिटाला एकदा आणून आपल्याकडे ठेवला आणि सगळ्यांना तोच दाखवला, तर आठही पुरतात.

पण खरी भीती वेगळीच आहे. वेबसाइट बंद पडली तर निदान कळतं तरी. चुकीचा आकडा कळत नाही.

पुरात सेन्सर बंद पडला तर डेटाबेसमध्ये त्या वेळची नोंद रिकामी राहते. जेडीबीसीला अशा रिकाम्या रकान्यातून संख्या मागितली, तर तो चक्क शून्य देतो. रकाना रिकामा होता का, हे प्रोग्रॅमरनं लगेच पुढच्या ओळीत वेगळं विचारायचं असतं. ते राहिलं की पाणी पुलाला लागलेलं असताना स्क्रीनवर शून्य फूट.

दुसरा घोळ वेळेचा. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीचा ड्रायव्हर 'आयएसटी' बघून अडायचा, कारण तीच तीन अक्षरं भारताच्या, इस्रायलच्या आणि आयर्लंडच्या वेळेलाही वापरतात. मग कोणीतरी वैतागून तिथं यूटीसी लिहितो, एरर जातो आणि नोंदीची वेळ साडेपाच तासांनी सरकते. धरणाचे दरवाजे उघडलेले असताना साडेपाच तास म्हणजे फार झाले.

तिसरं, एकक. सांगलीकर पुलाजवळचे फूट मोजतो, केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासूनचे मीटर. ड्रायव्हर आकडा अचूक आणून देईल, पण तो फुटात आहे की मीटरमध्ये, हे त्याला माहीत नसतं. ते रूपांतर माणसानंच लिहावं लागतं.

त्यामुळं यंदा कुठलंही पूर-पान उघडलं की आकड्याच्या आधी त्याखालची वेळ बघा. 'शेवटची नोंद' असं काही लिहिलंच नसेल, तर ग्रुपवर फॉरवर्ड करण्याआधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १०७७ वर फोन लावा.