गाव आणि जाळे (भाग ५) : दूरची ओळख कामाला कधी येते?

मागच्या भागात स्वस्त इंटरनेट खेड्यापर्यंत कसे पोचले ते आपण पाहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावांत व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब ही नावे खतांच्या नावांइतकी रुळून गेली. आता पुढचा प्रश्न. रोजच्या जगण्यात आणि पोटापाण्याच्या कामात या माध्यमांचा खरोखर उपयोग आहे का? यावर दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. थोरली पिढी म्हणते, पोरे मोबाइलमध्ये डोके घालून बसतात आणि कामधंदा बुडतो. धाकटी म्हणते, सगळा व्यवहार आता तिथेच होतो, बाजूला राहून कसे भागेल? दोन्ही बाजू हिशेब मांडतात तो वेळेचा. माझ्या मते मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याला ठाऊक नसलेले ज्याला ठाऊक आहे, अशा माणसापर्यंत आपण या माध्यमातून पोचतो का? आणि तो माणूस आपल्या सांगण्याची जबाबदारी घेतो का? या दोन्हींना ‘हो’ असे उत्तर असेल, तरच माध्यम कामाचे.

पहिल्या प्रश्नाचा अभ्यास समाजमाध्यमांपेक्षा जुना आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, ही जागा तुम्हाला कळली कोणाकडून? १९७३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. उरलेल्यांना वाट दाखवली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. कारण उघड आहे. भावकी, शेजार, पाहुणेरावळे आपल्यावर जीव लावतात, पण त्यांना जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती आपल्या वर्तुळाबाहेर वावरणाऱ्याकडून. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. त्यांतही नोकरी मिळवून देण्यात घट्ट मैत्रीपेक्षा मध्यम दुराव्याची ओळख सरस ठरली. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र आपल्याकडच्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा: ज्या उद्योगांत संगणकाचा वापर कमी, तिथे घट्ट नातीच अधिक उपयोगी पडली. म्हणजे पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी शोधणाऱ्या मुलाला दूरची ओळख जेवढी तारेल, तेवढी ती वाळूजच्या कारखान्यात यंत्रावर काम शोधणाऱ्याला तारेलच असे नाही. त्याला तिथे आधीपासून राबणारा मावसभाऊच जास्त कामाचा ठरेल. समाजमाध्यमावर खाते उघडले की धंद्याची दारे उघडतात, हे सरसकट सांगणे म्हणूनच बरोबर नाही.

शेतीत मात्र दूरच्या ओळखीचे मोल स्पष्ट दिसते, आणि त्याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. मूळची अमेरिका खंडातली लष्करी अळी भारतात प्रथम नोंदली गेली ती २०१८ च्या उन्हाळ्यात, कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात. त्याच वर्षी सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर ती दिसली. तिथे ती ओळखणारे कीटकशास्त्रज्ञ अंकुश चोरमुले हे फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून चालणाऱ्या ‘होय आम्ही शेतकरी’ या समूहाशी जोडलेले. महाराष्ट्रातल्या या प्रादुर्भावाचा शास्त्रीय निबंध २०१९ मध्ये आला, तेव्हा त्याच्या सहलेखकांत शिवमोग्ग्याचे तेच अभ्यासक होते ज्यांनी ही अळी देशात पहिल्यांदा नोंदवली. एका टोकाला पोंग्यात हात घालणारा शेतकरी, दुसऱ्या टोकाला परराज्यातला संशोधक, आणि मधे दोघांची भाषा जाणणारा माणूस. पुढच्याच खरिपात, २०१९ मध्ये, अळीने मराठवाड्यातला मका पोखरला. भोकरदन हा मक्याचा तालुका, त्यामुळे सोलापूरची ती आगाऊ खबर इथे किती मोलाची होती हे वेगळे सांगायला नको. या किडीची ओळख फोटोवरून पटते, कारण खुणा पक्क्या असतात: डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी फिकट रेघ आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात बसलेले चार ठिपके. चित्राने भागणारे ज्ञान हे माध्यम विलक्षण वेगाने पोचवते. औषध कोणते, पंपाला किती मिली, हा प्रश्न मात्र चित्राने सुटत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीतली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून अनोळखी क्रमांकावरून आलेले औषधाचे प्रमाण वापरण्याआधी डबीवरचे लेबल वाचणे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारणे, याला पर्याय नाही.

भावाच्या बातमीचेही असेच. केरळच्या मासेमारांकडे मोबाइल आल्यावर काय बदलले, याचा रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या बंदरांतल्या भावांमधली तफावत घटली, न विकलेली मासळी फेकून देणे थांबले, मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. तेव्हा तिथे समाजमाध्यम नव्हते, होता साधा फोन. भोकरदन तालुक्यातच पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. मिरचीही मासळीसारखीच नाशवंत. तोडलेला माल उद्यावर ढकलता येत नाही, त्यामुळे आजचा भाव तोडणीच्या आधी कळणे हाच खरा नफा. पण मासेमाराची होडी समुद्रातूनच दुसऱ्या बंदराकडे वळू शकत होती, मिरचीवाल्याला मात्र गाडीभाडे मोजावे लागते. चार पोती मालासाठी दूरच्या बाजाराची बातमी नुसती कळून भागत नाही. दहा जणांनी मिळून एक गाडी करावी लागते, आणि ते ठरवायला गावातलाच गट लागतो. दूरची ओळख बातमी आणते, तिचा पैसा करतात ती जवळचीच माणसे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. हेच माध्यम माणसे मारते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत ते तिथवर आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. हा आक्षेप टाळून समाजमाध्यमांची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अफवा मोबाइलच्या आधीही होत्या, हे म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. तोंडी अफवेत सांगणारा समोर असतो, त्याला ‘तू पाहिलेस का?’ असे विचारता येते. पुढे ढकललेल्या संदेशाला धनीच नसतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. वेग कमी झाला, हे चांगलेच झाले. पण संदेशाला धनी मिळाला नाही. कीड ओळखणारा समूह आणि अफवा पसरवणारा समूह यांत तंत्राचा काहीच फरक नाही, हे इथे नीट पाहावे. पहिल्यात सांगणाऱ्याचे नाव, गाव, शिक्षण सगळ्यांना माहीत असते आणि त्याची चूक झाली तर त्याला तिथेच जाब विचारला जातो. दुसऱ्यात यातले काहीही नसते. म्हणून गावच्या गटाला एक नियम पुरेसा आहे, आणि तो कडकपणे पाळला पाहिजे: ज्याने संदेश टाकला त्याने तो कोठून आला ते सांगावे, सांगता येत नसेल तर काढून टाकावा. गटचालकाला हे जमत नसेल तर त्याने गट चालवू नये.

वेळेचा आक्षेप मी सुरुवातीला बाजूला ठेवला, तो खोटा म्हणून नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी २,७४३ फेसबुक वापरणाऱ्यांना अभ्यासात घेतले आणि त्यांतल्या काहींना चार आठवडे खाते बंद ठेवायला लावले. खाते बंद केलेल्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, तो टीव्ही पाहण्यात आणि घरच्यांबरोबर गेला, आणि त्यांचे समाधान किंचित वाढले. त्याच लोकांची चालू घडामोडींची माहिती मात्र कमी झाली. फायदा आणि तोटा एकाच खात्यातून येतात, असे यातून दिसते. रीळ बघत गेलेला तास आणि पिकाविषयी विचारलेल्या प्रश्नाची दोन मिनिटे यांची बेरीज करून ‘माध्यम वाईट’ म्हणण्यात अर्थ नाही. ती दोन मिनिटे त्या तासाच्या आमिषाशिवाय मिळत नाहीत, कारण कंपनीची कमाई जाहिरातींवर चालते, ही खरी अडचण आहे.

आणखी एक उणीव या सगळ्या युक्तिवादाखाली दबून राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी ही कामे कोण करते? गुलाबी बोंडअळीने किडलेली बोंडे वेचणाऱ्या बाईच्या हाताला आधी लागतात, आणि गटात फोटो टाकायचा फोन बहुतेक घरांत धन्याच्या खिशात असतो. ज्या माणसाला सर्वांत आधी कळते तेच जाळ्याबाहेर राहिले, तर दूरची ओळख कितीही वाढली तरी बातमी उशिराच येणार. बचत गटांनी ही दरी कोठे आणि कशी भरून काढली, ते पुढच्या आठवड्यात पाहू.