हत्ती आठवतो, अहवाल नाही

राजकारणी माणसाचा भूतकाळ ही मोठी अवघड चीज असते. व्यापारी दिवाळीला जुनी वही मिटतो, नव्या वहीवर कुंकू वाहतो आणि मोकळा होतो. पुढाऱ्याला ही सोय नाही. त्याची जुनी वही त्याच्या ताब्यात नसतेच मुळी. ती लोकांच्या घरात, वर्तमानपत्रांच्या फायलींत, न्यायालयांच्या दप्तरांत आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणींत विखुरलेली असते. ती परत मागवता येत नाही. मग तो एक करतो. ती वही झाकली जाईल एवढे मोठे चित्र तिच्यावर आणून ठेवतो.

असे चित्र कसे तयार होते, याचा आपल्या देशातला सर्वांत बोलका धडा १९७७ ते १९८० या तीन वर्षांचा आहे. तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो. संध्याकाळी घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि त्यावर वादही रंगत. त्या दिवसांतले पहिल्यांदा काय आठवते असे मला कुणी विचारले, तर मी हत्ती म्हणेन. माझ्या वयाच्या दहाजणांना विचारा; निम्मे तरी तेच सांगतील.

त्या हत्तीची गोष्ट अशी. मार्च १९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पक्ष तर हरलाच, पण खुद्द त्याही रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. एकवीस महिन्यांच्या आणीबाणीचा हा हिशेब होता. बाईंचे राजकारण संपले, असे भले भले लिहू लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बिहारमधल्या बेलछी गावात अकरा जणांची निर्घृण हत्या झाली. त्यांतले बहुतेक दलित शेतमजूर होते. सत्तेवर आलेल्या जनता पक्षाचे नेते आपसांतल्या भांडणांत गुंतलेले. ऑगस्टच्या भर पावसात इंदिराबाई बेलछीला निघाल्या. चिखलात जीप रुतली, ट्रॅक्टरही चालेना, तेव्हा त्या हत्तीवर बसल्या. अंबारी नाही, काही नाही; साठीला आलेली बाई पुराच्या पाण्यातून हत्तीच्या उघड्या पाठीवरून त्या गावात पोहोचली. दुसऱ्याच दिवशी पाटण्यात त्या जयप्रकाशांना भेटल्या. ज्यांना त्यांच्याच सरकारने आणीबाणीत स्थानबद्ध केले होते, त्या जयप्रकाशांना.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. बेलछीला जाणे हे नुसते नाटक नव्हते. तिथल्या विधवांचे अश्रू खरे होते आणि त्यांच्याजवळ जाऊन बसायला दिल्लीचे दुसरे कुणी लगबगीने गेले नव्हते. चांगले चित्र नेहमी अर्धे खरे असते, म्हणून तर ते टिकते. निव्वळ खोटे चित्र चार दिवसांत फाटते.

पोलीस आले आणि वर्तमानपत्रवालेही

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्रीय गुप्तचर खात्याचे अधिकारी त्यांना अटक करायला घरी गेले. बाईंनी बेड्या घालण्याचा आग्रह धरला. अधिकारी बेड्या घालायला तयार नव्हते. या घोळात वेळ गेला आणि तेवढ्यात वार्ताहर आणि छायाचित्रकार दारात जमले. पुढे हरयाणाच्या दिशेने जाताना रेल्वेचे फाटक लागलेले निघाले. बाई मोटारीतून उतरल्या आणि रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसल्या. आपल्याला दिल्लीबाहेर नेता येणार नाही, हा मुद्दा त्यांच्या वकिलांनी लावून धरला आणि गाड्या परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी पुराव्याअभावी त्यांना सोडून दिले. सरकारने खटला उभा करायला हवा होता, त्याने हुतात्मा उभा केला! ज्यांच्या राज्यात विनाचौकशी तुरुंगात टाकणे नित्याचे झाले होते, त्याच आता विनापुरावा अटक झालेल्या म्हणून लोकांपुढे आल्या.

याच काळात दिल्लीत दुसरे एक काम चालले होते. त्यात हत्ती नव्हता, मोरी नव्हती. फक्त कागद होते. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करत होता. १९७८ साली आयोगाने तीन भागांत अहवाल दिला. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून १ लाख १० हजारांहून अधिक माणसे आत टाकली गेली, हे त्यात आहे. १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांच्याशी निगडित १,७७४ मृत्यूंच्या तक्रारी आल्या, हेही त्यात आहे. आणीबाणी लागली त्या रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांची वीज कशी तोडली गेली, याचीही त्यात नोंद आहे.

जानेवारी १९७८ मध्ये इंदिराबाईंना आयोगापुढे बोलावणे गेले. त्या आल्या, पण शपथेवर साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला. आयोगाच्या अधिकाराबद्दल त्यांचे कायदेशीर आक्षेप होते आणि आक्षेप घेण्याचा त्यांना हक्कही होता. गंमत पुढेच आहे. त्याच महिन्यात, २४ जानेवारीला, आपल्या यवतमाळच्या जाहीर सभेत मात्र त्यांनी आणीबाणीतल्या अतिरेकांची जबाबदारी स्वीकारली. ज्यांच्या हातून चुका झाल्या ते पुढे येत नसतील तर ती जबाबदारी आपली, असा त्या बोलण्याचा आशय होता. महिन्याभराने महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक होती. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या त्यांच्या नव्या काँग्रेसने त्या निवडणुकीत ६२ जागा मिळवल्या.

सभेतली कबुली आणि शपथेवरची

या दोन प्रसंगांवर मी पुष्कळदा विचार केला आहे. आयोगापुढे उलटतपासणी होते. कोणता हुकूम कुणी दिला, कोणत्या तारखेला दिला, कागद कुठे आहे, असे प्रश्न येतात. सभेत प्रश्न नसतात, टाळ्या असतात. तिथे ‘जबाबदारी माझी’ म्हटले की बोलणारा मोठ्या मनाचा ठरतो आणि नेमकी कशाची जबाबदारी, हे विचारायचे राहून जाते. कबुलीची ही युक्ती आज इतकी रुळली आहे की तिचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे. ‘माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ या शब्दांनी सुरू होणारा खुलासा आपण दर आठवड्याला वाचतो. त्यात दुखावले गेलेल्यांचे दुखणे असते. बोलणाऱ्याचे बोलणे कुठेच नसते.

चित्र आणि कबुली यांनीही भागले नाही तर तिसरा मार्ग उरतो. तो म्हणजे कागदच नाहीसा करणे. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत नष्ट झाल्या आणि त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे आरोपी निर्दोष सुटले. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई ३५३ जागा जिंकून परत सत्तेवर आल्या आणि शहा आयोगाच्या अहवालाच्या प्रती हळूहळू मिळेनाशा झाल्या. त्या सरकारने काढून घेतल्या असे बोलले जाई. पण माजी खासदार एरा सेळियन यांच्या घरच्या संग्रहात एक प्रत शिल्लक होती. त्यांनी ती २०१० साली चेन्नईहून पुस्तकरूपाने छापून आणली. सरकारी कागद एका गृहस्थाच्या कपाटामुळे वाचला.

कुणी म्हणेल, हे सारे एकाच पक्षाबद्दल झाले. तसे नाही. १९७३ साली इंदिराबाईंच्या सरकारने स्वातंत्र्यानंतरचा इतिहास एका ‘कालपात्रा’त बंद करून लाल किल्ल्याजवळ पुरला. पुढच्या पिढ्यांनी आपल्याला कसे आठवावे, याचीच ती तजवीज होती. जनता सरकारने १९७७ साली ते उकरून बाहेर काढले. एकाने पुरायचे, दुसऱ्याने उकरायचे! अलीकडचेच पाहा. केंद्र सरकारने २०२४ साली २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. आणीबाणी विसरू नका, असा त्याचा सांगावा. पण त्याच सरकारच्या काळात, २०२२ मध्ये, विद्यार्थ्यांवरचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून २००२ च्या गुजरात दंगलीचा मजकूर वगळला गेला आणि आणीबाणीवरची काही पानेही कापली गेली. दुसऱ्याचा भूतकाळ तुळशीवृंदावनात ठेवायचा आणि आपला परसदारी पुरायचा, ही रीत सर्वांचीच आहे.

मग मतदाराने काय करावे? १९८० साली ज्यांनी इंदिराबाईंना मत दिले, ते सगळे भोळे होते असे मी म्हणणार नाही. जनता पक्षाच्या भांडणांना लोक विटले होते आणि माणसाला पुन्हा संधी देणे हा लोकशाहीतला मोठा गुण आहे. क्षमा करण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. पण क्षमा करायची तर अपराध आठवावा लागतो. आठवणच नसेल तर ती क्षमा नव्हे, नुसता विसर. राजकारण्याची सारी धडपड हीच असते की आपण विसरावे आणि त्यालाच मनाचा मोठेपणा समजावे.

आज आपल्या हातात पूर्वीपेक्षा पुष्कळ काही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरचे फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. २०१८ च्या निकालाने ते खटले वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर निदान तीन वेळा जाहीर करणे बंधनकारक झाले. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. जुनी भाषणे तर फोनवर बोट फिरवले की ऐकू येतात. आणि तरीही, निवडणुकीच्या दिवसांत पहिल्या पानावर उमेदवाराचा हात जोडलेला हसरा फोटो मोठा असतो आणि त्याच्यावरच्या खटल्यांची जाहिरात आतल्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात असते. फोटो आपण पाहतो. कोपरा वाचायला चष्मा शोधावा लागतो, आणि चष्मा नेमका त्याच वेळी सापडत नाही!

माझी सूचना साधी आहे. आपल्या घरांत लग्नाचे अल्बम जपले जातात, लाइट बिलांची फाइल असते, मुलांची प्रगतिपुस्तके ठेवलेली असतात. त्यांच्या शेजारी एक वही अशीही असू द्या. आपल्या आमदाराने, खासदाराने, नगरसेवकाने काय कबूल केले, कोणत्या तारखेला केले आणि त्याचे काय झाले, एवढेच तीत लिहायचे. महिन्याला दोन ओळी पुरेत. घरातल्या नातवाला लिहायला बसवा. त्याचे अक्षरही सुधारेल. पाच वर्षांनी तो पुढारी हत्तीवरून येवो की हेलिकॉप्टरमधून, दारात त्याचे स्वागत जरूर करा, चहाही पाजा. फक्त कपबशीशेजारी ती वही उघडून ठेवा.